तीन बेटं, नऊ दिवस आणि बाबांचा गुडघा

जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. तिचे आईबाबा सप्टेंबरमध्ये पहिल्यांदाच तिच्याकडे येताहेत. बाबा ६८ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमधून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. उजव्या गुडघ्याला संधिवात आहे, ऑपरेशन अजून केलेलं नाही. आई ६३ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, बीपीची गोळी चालू. मुलीनं त्यांच्यासाठी नऊ दिवसांची ग्रीसची सहल आखली आहे: अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी आणि शेवटी क्रीट. तासातासाचा तक्ता तयार आहे. आई फोनवर म्हणते, 'समुद्र काय, कोकणातही आहे.' बाबा म्हणतात, 'एवढा खर्च कशाला? आम्ही तिथं करणार काय?' भावाचं म्हणणं, एवढ्या पैशांत गावाकडच्या घराचं छत होईल. नवरा म्हणतो, जेवणखाण सगळं आतच असेल असं एखादं रिसॉर्ट घेऊ, आठवडाभर कटकट नको. ती विचारते, "हट्टानं नेऊ, रिसॉर्ट घेऊ, की सगळं रद्द करून पैसे छताला देऊ? त्यांनी आयुष्यात आमच्याशिवाय काही पाहिलं नाही. मला त्यांचे पांग फेडायचेत, मावशी."

तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मी अगं-तुगंच करते.

पत्रासोबतचा तक्ता मी दोनदा वाचला. फार मन लावून केला आहेस. कोणती बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते, कुठे सूर्यास्त किती वाजून किती मिनिटांनी होतो, सगळं त्यात आहे. मग मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक दिवसापुढे लिहीत गेले, की त्या दिवशी बाबांना किती वेळा सामानासकट उठावं लागेल. नऊ दिवसांत चार हॉटेलं, तीन बोटी, दोन विमानं. बेटांवर जाणाऱ्या बोटीत चढायचं म्हणजे आधी उन्हात धक्क्यावर ताटकळायचं. मागचा प्रचंड दरवाजा खाली आला की गाड्या-ट्रकांच्या बाजूबाजूनं लगबगीनं आत शिरायचं, बॅगा खालीच लावायच्या आणि मग वरच्या मजल्यावर जायचं. बोट धक्क्याला फार वेळ थांबत नाही, आणि मागून माणसांचा लोंढा असतो. चौतिसाव्या वर्षी यात मजा वाटते. गुडघा दुखणाऱ्या माणसाला मात्र आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल याचीच धास्ती असते. आयुष्यभर वर्गात ताठ उभे राहिलेले तुझे बाबा ही धास्ती बोलून दाखवणार नाहीत. ते म्हणतील, 'एवढा खर्च कशाला?'

म्हणून तुझ्या तीन पर्यायांकडे वळण्याआधी, तू गृहीत धरलेल्या एकदोन गोष्टी मला जरा हलवून बघायच्या आहेत.

तुझ्या पत्रात सँटोरिनीचं नाव सात वेळा आलं आहे. सातही वेळा ते तुझ्या तोंडी आहे, आईबाबांच्या तोंडी एकदाही नाही. पांढरी घरं, निळे घुमट, तिथल्या ओइया गावचा सूर्यास्त हे तुला बघायचंय. त्यात काहीही चूक नाही, खुशाल बघ. पण ते त्यांच्या नावावर मांडू नकोस. ती गावं ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडाच्या काठावर, कड्याला चिकटून वसली आहेत. तिथलं सगळं सौंदर्य पायऱ्यांच्या आधारानंच उभं आहे. हॉटेलच्या खोलीपासून नाश्त्याच्या टेबलापर्यंत पायऱ्या, टेबलापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या. गर्दी अशी, की मोठ्या क्रूझ जहाजांतून एका दिवशी किती माणसं उतरवायची यावर ८,००० ची मर्यादा घालावी लागली, आणि बेटाची स्वतःची वस्ती जेमतेम पंधरा हजारांच्या घरात. सूर्यास्ताच्या वेळी कठड्याशी जागा धरून तासभर उभं राहायचं, तेव्हा तुझ्या बाबांचं लक्ष सूर्याकडे असेल की बसायला दगड कुठे मिळतो तिकडे? सँटोरिनी तू आणि तुझा नवरा दोघंच एकदा करा, आईबाबा परत गेल्यावर, मे महिन्यात.

दुसरी गोष्ट, त्यांचं 'नको'. ग्रीक माणूस 'हो' म्हणताना 'ने' म्हणतो. आपल्या कानाला ते चक्क 'नै' ऐकू येतं आणि पहिले दोन दिवस माणूस गोंधळतो. आईबाबांचं फोनवरचं 'नको' मला तसंच वाटतं. त्या पिढीच्या प्रवासाला कारण लागायचं: लग्नकार्य, देवदर्शन, कुणाचं आजारपण, शाळेची सहल. कारणाशिवाय उठून नुसतं कुठेतरी जाऊन राहायचं, हे त्यांनी कधी केलेलं नाही. बाबा 'तिथं करणार काय' असं विचारतात, तेव्हा तो टोमणा नसेल, साधा प्रश्न असेल. त्याचं उत्तर दे. तक्त्यात वेळा आहेत, उत्तर नाही.

मला विचारशील तर मी पूर्ण सुट्टी एकट्या क्रीटलाच देईन. बाकी तिन्ही नावं खोडून टाक. क्रीट हे शेवटच्या तीन दिवसांत उरकायचं ठिकाणच नव्हे. ग्रीसचं हे सगळ्यांत मोठं बेट, पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, क्षेत्रफळानं आपल्या गोव्याच्या दुपटीहून मोठं. मध्ये दोन-अडीच हजार मीटर उंचीचे डोंगर, उत्तरेच्या किनाऱ्यावर शहरं, दक्षिणेला गाव संपलं की थेट लिबियाचा समुद्र. नऊ दिवसांतही ते पुरं होत नाही. मात्र ते पुरं करायचा सोस धरायचा नाही, हे आधीच ठरव.

आता त्यांची कारणं. बाबांपासून सुरुवात करते.

क्रीटवर व्हेनिसवाल्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं. बेटाची राजधानी इराक्लिओ, तिला तेव्हा कँडिया म्हणत. तुर्कांनी या शहराला १६४८ साली वेढा घातला आणि तो संपला १६६९ साली. एकवीस वर्षं! आपले महाराज आग्र्याहून निसटले, त्या १६६६ सालात हा वेढा अठरा वर्षांचा झाला होता. १६६९च्या सप्टेंबरात शहर शरण गेलं, त्यानंतर पाचच महिन्यांनी इकडे तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. ज्या तटबंदीनं एवढा काळ दम धरला, ती आजही शहराभोवती उभी आहे, आणि बंदराच्या तोंडाशी कुलेस नावाचा जलदुर्ग आहे. त्याच्या भिंतीवर व्हेनिसचा पंखवाला सिंह कोरलेला आहे. बंदराच्या कडेकडेनं सपाट चालत तिथवर जाता येतं. अजिंक्यताऱ्याच्या सावलीत इतिहास शिकवलेल्या माणसाला हे सांग आणि मग विचार, 'बाबा, सिंधुदुर्गाचं बांधकाम आणि या किल्ल्याचं बांधकाम यांत काय फरक असेल हो?' माझी खात्री आहे, पुढच्या फोनला ते वही घेऊन बसलेले असतील.

शहराबाहेर पाच किलोमीटरवर नोसोस आहे, चार हजार वर्षांपूर्वीच्या मिनोअन लोकांचा राजवाडा. आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकानं १९०० सालापासून तो खणला आणि खणता खणता त्यातले काही भाग काँक्रीटनं पुन्हा उभे केले, लाल खांबांसकट. असं करावं की करू नये, यावर अजून वाद चालू आहे. बाबांचं मत काय पडतं ते मला कळव. तिथे सावली फार कमी, म्हणून दार उघडतं तेव्हाच आत शिरा आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडा. दुपारी शहरातल्या पुराणवस्तू संग्रहालयात जा. आत गारवा आहे आणि फेस्टोसच्या राजवाड्यातली ती मातीची तबकडीही आहे. १९०८ साली सापडली, दोन्ही बाजूंना गोल गोल चित्रलिपी उमटवलेली, आणि ती अजून कुणालाही वाचता आलेली नाही. सिंधू लिपीची गोष्ट मुलांना रंगवून सांगणाऱ्या शिक्षकाला त्या काचेपुढून हलवणं अवघड जाईल. हलवू नकोस. २०२५ साली नोसोस, फेस्टोस आणि असे आणखी चार मिनोअन राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. म्हणून सहाही बघायला धावायचं नाही. एक नीट बघा.

आता आई. तिच्या शाकाहाराबद्दल तू अर्धं पान काळजी लिहिली आहेस आणि डबे, रेडिमेड पाकिटं, भाजणी अशी यादी केली आहेस. थोडं न्यावं, नाही म्हणत नाही. पण मीही एकदा माझ्या सासूबाईंना घेऊन क्रीटमधल्या रेथिम्नोला गेले होते, अशीच बॅग भरून. पहिल्याच संध्याकाळी खानावळीत, म्हणजे तिथल्या ताव्हेर्नात, 'ख्लोर्ता' की 'होर्ता' असं काहीतरी लिहिलेलं होतं, ते मागवलं. उकडलेल्या पालेभाजीची ताटली आली, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. सासूबाईंनी घास घेतला, पानं बोटांनी उलगडून बघितली आणि म्हणाल्या, 'हा माठ आहे गं.' होताच. होर्ता म्हणजे मिळेल ती रानभाजी उकडून, आणि उन्हाळ्यात त्यात माठाच्या जातीची 'व्लिता' असते. दुसऱ्या दिवशी सॅलडमध्ये त्यांना घोळ सापडली, तिला तिकडे 'ग्लिस्त्रिदा' म्हणतात. त्यानंतर त्या बाईंनी समुद्रापेक्षा लोकांच्या परसातच जास्त डोकावून पाहिलं. रस्त्याकडेला निवडुंगाची लाल बोंडं, सप्टेंबरात अंजिरं, डाळिंबं, द्राक्षं. आणि घराघराच्या पायरीवर कुंडीत हिरवीगार, वासाची तुळस. ती आपली वृंदावनातली नव्हे, सब्जाच्या जातीची. पण ग्रीक लोक तिला पवित्र मानतात. १४ सप्टेंबरला त्यांचा पवित्र क्रूसाचा सण असतो, तेव्हा चर्चमध्ये तिच्या डहाळ्या प्रसादासारख्या वाटतात. तुझी आई सणाच्या आगेमागे तिथे असेल, तर एखादी आजी तिच्या हातात डहाळी नक्की देईल.

खाण्याचं आणखी थोडं सांगते, कारण शाकाहारी आईबाबांना युरोपात नेणाऱ्या सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. क्रीटचा साधा माणूस पिढ्यान् पिढ्या कडधान्यं, भाज्या, जवाची भाकरी आणि ऑलिव्हचं तेल यांवरच जगला. मांस सणासुदीला. विसाव्या शतकाच्या मध्यात अन्सेल कीज या अमेरिकी संशोधकानं सात देशांतल्या लोकांचा आहार आणि हृदयरोग यांचा अभ्यास केला, त्यात क्रीटचे शेतकरी होते. मेडिटरेनियन आहाराचा जो गवगवा आपण ऐकतो, त्याचं एक मूळ इथलं. त्यामुळे 'आम्हाला वेगळं काहीतरी करून द्या' असं ओशाळून म्हणायची वेळ येत नाही. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं दाट, लिंबू पिळलेलं गोळा वरण. 'यिगांतेस' म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ. 'येमिस्ता' म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. त्यात कधी कधी खिमा असतो, तेवढं विचारून घ्यायचं. 'दाकोस' म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि मऊ चीज. क्रीटच्या पश्चिमेकडच्या हान्या शहरात 'बुरेकी' मिळते, बटाटा, झुकिनी आणि मिझिथ्रा चीजचे थर देऊन भाजलेली. सकाळी घट्ट दही आणि थाइमच्या फुलांवरचा मध. ते दही बघून आईला चक्का आठवेल.

दोन शब्द पाठ करा: 'होर्तोफागोस', म्हणजे शाकाहारी, आणि 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी', म्हणजे मांस नको, मासे नकोत. नुसतं पहिलं सांगून थांबू नका, मासे म्हणजे मांसात मोडत नाहीत असं समजणारी माणसं सगळीकडेच भेटतात. 'निस्तिसिमो' असा तिसरा शब्द दिसेल. म्हणजे त्यांच्या चर्चच्या उपवासाला चालणारं. त्यात मांस, दूध, अंडी काही नसतं, म्हणून आपल्याला ते हायसं वाटतं. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माखली चालते, तेव्हा विचारल्याशिवाय ताटाला हात लावू नका. जेवण झाल्यावर न मागता फळांची ताटली आणि रकीची, म्हणजे तिथल्या दारूची, छोटी बाटली येते. ते यजमानाचं प्रेम असतं. फळं घ्यायची, रकीला हसून हात जोडायचे, कुणी रागवत नाही. चहाची पावडर मात्र न्या. दुधातला उकळलेला चहा तिथे मिळणार नाही आणि बाबांची सकाळ त्यावर अवलंबून असणार. आणि आईला आत्ताच सांगून ठेव, साताऱ्याहून तूप, पेढे आणू नकोस. भारतातून येताना दुधाचे पदार्थ युरोपात आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतले की तिच्या जिवाला लागेल.

मुक्कामाचं मी असं बघते. विमान हान्याला उतरेल असं घ्या आणि परतीचं इराक्लिओहून. उन्हाळ्याच्या हंगामात जर्मनीतल्या बऱ्याच शहरांतून दोन्हीकडे थेट विमानं असतात. हान्यात पाच रात्री, इराक्लिओत तीन. सामान एकदाच हलतं. दोन्हींमध्ये साधारण १४० किलोमीटर, गाडीनं अडीच तास, वाटेत रेथिम्नोला जेवायला थांबा. तुझा नवरा उजव्या बाजूनं गाडी चालवायला सरावलेला आहे, तर गाडी भाड्यानं घ्या. नाहीतर उत्तर किनाऱ्यावरच्या बसेसही चांगल्या आहेत.

हान्याचं जुनं बंदर देखणं आहे, पण त्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांची हॉटेलं बघून भुलू नकोस. फोटोत दिसतो तो लाकडी जिना अरुंद आणि उभा असतो, लिफ्ट नसते, आणि गाडी दारापर्यंत जात नाही, फरशीवरून बॅगा ओढत न्याव्या लागतात. त्यापेक्षा पश्चिमेला लागूनच निआ होरा नावाचा भाग आहे. वाळूचा उथळ किनारा, ओळीनं खानावळी, आणि जुन्या बंदरापर्यंत रमतगमत चालत जाता येतं. बुक करण्याआधी हॉटेलला मेल लिहून आकड्यांत विचार: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट आहे का? न्हाणीघरात टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर? 'सोयीस्कर आहे' असं उत्तर आलं तर पुन्हा विचार. टबाची उंच कड ओलांडताना गुडघ्याचे रुग्ण पडतात, हे मी आमच्या घरात बघितलं आहे. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर आईला पहिल्या दिवशीच घर मिळाल्यासारखं वाटेल. आणि न्हाणीघराचं एक आधीच सांगून ठेव: जेट नसतो, म्हणून पाण्यासाठी एक मग बरोबर न्या. कागद वापरलाच तर तो कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, तिथले सांडपाण्याचे नळ बारीक असल्यानं सगळीकडे तशी पद्धत आहे. हे मुलीच्या तोंडून घरी ऐकलेलं बरं, नाहीतर बिचारे तिथल्या पाट्या बघून ओशाळतात.

दिवसाला एकच बाहेर पडणं. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप. ग्रीक लोकही दुपारी दुकानं मिटून विश्रांती घेतात, त्यामुळे बाबांना आपण म्हातारे झालो म्हणून पडलोय असं वाटायचं कारण नाही. संध्याकाळी बंदरावर फेरी. एक दिवस व्रिसेस गावी जा. ओढ्याकाठी मोठमोठी झाडं आहेत, त्याखाली बसून दही-मध खायचा. तिथून जवळ कुर्नासचं तळं आहे, बेटावरचं गोड्या पाण्याचं एकमेव नैसर्गिक तळं. एखाद्या दिवशी वूवेसचा ऑलिव्ह वृक्ष बघा. त्याचं वय किमान दोन हजार वर्षं धरतात, खोड इतकं पिळवटलेलं आहे की वडाच्या पारंब्या एकत्र थिजल्यासारखं दिसतं. अजून फळं धरतो. आणि एक दिवस काहीच ठरवू नका. गावातल्या काफेनिओत, म्हणजे आपल्याकडे पारावर माणसं बसतात तशा कॉफीच्या दुकानात, बाबांना बसू दे. तिथले म्हातारे हातात मण्यांची माळ घेऊन तासन् तास बसलेले असतात. ती जपाची नसते, नुसती बोटांना चाळा म्हणून असते. कॉफी मागताना 'मेत्रिओ' म्हणा, म्हणजे बेताची गोड येते.

समारियाची घळ तुझ्या तक्त्यात 'बाबांना जमल्यास' अशी आहे. जमणार नाही. सुमारे १,२०० मीटर उंचीवरून खाली समुद्रापर्यंत सोळा किलोमीटर दगडागोट्यांची उतरण, मधून परत फिरायचं तर तेवढंच चढायचं, आणि शेवटच्या गावाला गाडीरस्ता नाही, बोटीनंच बाहेर पडावं लागतं. उतरण गुडघ्याला चढणीहून जड जाते. बालोसच्या किनाऱ्याचंही तेच, तिथे खाली उतरायची पायवाट आहे आणि येताना उन्हात तीच चढायची. एलाफोनिसीची उथळ, गुलाबी झाक असलेल्या वाळूची खाडी आईला आवडेल, साडी घोट्यापर्यंत उचलून चालत जाता येईल इतकं कमी पाणी आहे. पण हान्याहून वळणावळणाचा दीड तासाहून जास्त रस्ता आहे. आईला गाडी लागते का, हे तुलाच ठाऊक. लागत असेल तर निआ होराच्या पाण्यात पाय बुडवले तरी समुद्र तोच.

तुझ्या नवऱ्याचं रिसॉर्ट मी उडवून लावत नाही. लहान मूल बरोबर असेल, किंवा बाबांना दहा पावलंही टाकवत नसती, तर मीच तो पर्याय सुचवला असता. लिफ्ट असते, डॉक्टर बोलावता येतो, जेवणाची चिंता नाही. पण आठ दिवस मनगटाला पट्टी बांधून पोहण्याच्या तलावाशेजारी खुर्चीवर पडून राहायचं, हे तुझ्या आईबाबांना जमेल का? तिसऱ्या दिवशी बाबा विचारतील, 'परत कधी निघायचं?' आणि आईचा 'समुद्र कोकणातही आहे' हा मुद्दा रिसॉर्टमध्ये पूर्णपणे खरा ठरेल. नवऱ्याला कटकट नकोय, हे मात्र ऐक. चार हॉटेलांची दोन झाली, बोटी गेल्या, की त्याची निम्मी तक्रार संपते.

छताचं काय? इथे मी भावाच्या बाजूनं थोडं बोलणार आहे, कारण गावी तो आहे. छत गळत असेल आणि पुढच्या पावसाळ्यात टिकणार नसेल, तर आधी छत, यात दुमत नाही. पण छत खरंच फुटेल-गळेल असं आहे, की नव्या घराची हौस आहे, हे त्याला सरळ विचार. तू तिकडे मजा करतेस आणि इथलं मी निस्तरतो, असं त्याच्या मनात असेल, तर ते सहल रद्द करून मिटणार नाही. छताला तू किती देणार हा आकडा वेगळा ठरव, सहलीचा आकडा वेगळा. एकातून दुसरा वजा करू नकोस. एक बेट केल्यानं खर्च बराच उतरेल, ते पैसे छताकडे वळव आणि भावाला तसं सांग. हिशेबात एक गोष्ट धर, ग्रीसमध्ये मुक्कामावर दर खोलीमागे दर रात्रीचा सरकारी कर असतो आणि तो हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. २०२५ पासून उन्हाळी हंगामात तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १० युरो. दोन खोल्या, आठ रात्री, म्हणजे तीन ताऱ्यांच्या हॉटेलातही ८० युरो.

बाबांच्या 'खर्च कशाला'मध्ये मला आणखी एक गोष्ट ऐकू येते. लेकीच्या घरचं किती घ्यायचं, जावयाच्या पैशानं किती हिंडायचं, हा जुना संकोच. तो चूक की बरोबर, यावर त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना खर्च करू दे. निघायच्या आधी ते देतील तेवढे रुपये घे, त्याचे युरो करून एका पाकिटात घालून त्यांच्या खिशात ठेव, आणि रोजची संध्याकाळची कॉफी आणि एक जेवण बाबांकडून. बिल आलं की तुझा हात पर्सकडे जायला नको. हे मी माझ्या वडिलांबरोबर फार उशिरा शिकले.

आणि पांग. तुझं ते वाक्य वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले होते. आईवडिलांसाठी काही करावंसं वाटणं फार चांगलं आहे, पण पांग फेडायला निघालेली मुलगी तिथे सारखी बघत राहील, की त्यांना आवडतंय ना, चेहऱ्यावर आनंद दिसतोय ना. ते दमले तर तुला अपराधी वाटेल, ते गप्प बसले तर तू रडकुंडीला येशील, आणि तुला बरं वाटावं म्हणून ते खोटं हसतील. नऊ दिवस चौघंही दमाल. 'त्यांनी आमच्याशिवाय काही पाहिलं नाही,' असं तू लिहितेस, पण हे त्यांना कधी विचारलंयस का? पस्तीस वर्षं मुलांना गडकोटांवर नेणाऱ्या माणसानं काय काय पाहिलं असेल, ते आठ दिवस एकत्र जेवताना ऐकून तर बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात. त्यांचा व्हिसा जर्मनीनं दिलेला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, आहे आणि ग्रीसही शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी क्रीटला जाऊन परत येता येतं, वेगळा काढावा लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ हवेत. विमा ३०,००० युरोंचा असावाच लागतो, तो काढलेला असेल. पण आधीपासूनच्या आजारांचं त्यात काय लिहिलंय, ते आईच्या बीपीसाठी आणि बाबांच्या गुडघ्यासाठी ओळ न् ओळ वाच. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर गोळ्यांची मूळ नावं. विमानतळावर व्हीलचेअर आधीच मागवून ठेव, तिकीट काढतानाच. बाबा 'मला कशाला' म्हणतील. 'विमानतळ फार लांबलचक आहे, आईला चालवणार नाही, तुम्ही तिच्याबरोबर बसा,' म्हण.

तारखा तू अजून पक्क्या केल्या नाहीस, ते बरं झालं. सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा क्रीटला उत्तम. ऊन सोसवतं, समुद्राचं पाणी उबदार असतं, ऑगस्टची गर्दी आणि तेव्हाचा तो उत्तरेचा बोचरा वारा ओसरलेला असतो. पण त्याच सुमारास आपल्याकडे पितृपक्ष आणि घटस्थापना येते. आई घट बसवते का, बाबांच्या आईवडिलांची तिथी कधी, हे बघितल्याशिवाय तिकीट काढू नकोस. येत्या रविवारी फोन कर आणि आईला म्हण, भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन बस, तारीख तूच सांग. मग फोन बाबांकडे दे म्हणावं, आणि त्यांना कँडियाच्या वेढ्याचं सांग. तक्ता तेवढा वेळ बंद ठेव. आणि फोन ठेवण्याआधी आईला एवढं विचारून घे, घोळीची भाजी ती लसूण घालून करते की डाळ घालून.